बेलपानाचा पंच

कतारमधल्या दोह्यात नवा मराठी माणूस भेटला की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला. "फॅमिली इथंच का?" मी म्हणतो, "हो, इथंच." मग समोरचा कौतुकानं मान डोलावतो. मी सनय्यातला, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांतला, लेथवर हात काळे केलेला माणूस आहे हे त्याला तोवर कळलेलं असतं, आणि अशा माणसाला बायकापोरं इथं आणणं सोपं नाही हेही त्याला ठाऊक असतं. त्या मान डोलावण्याचा मला भयंकर राग येतो. माझी फॅमिली इथं कशी आली ते खरं सांगितलं, तर तो माझ्या घरचा चहा अर्धा ठेवून उठेल. म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

मी टर्नर. कोल्हापुरात उद्यमनगरात शिकलो, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनीच मला पुढं दोह्याला आणलं. त्यांना सगळे मामा म्हणायचे. नात्यानं ते माझे कुणीच नव्हते. सनय्यातला मल्याळी वेल्डरही त्यांना मामा म्हणायचा, नेपाळी ड्रायव्हरही मामाच म्हणायचा, आणि आमचा कतारी मालक, ज्याला आम्ही मोठा मुदीर म्हणायचो, तोसुद्धा "वेन मामा?" म्हणजे मामा कुठायत, असं विचारतच आत शिरायचा. बुटका माणूस, दाढीचे पांढरे खुंट, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. तोंड मात्र असं की काही विचारू नका. काम वाकडं झालं तर तुमच्या मागच्या सात पिढ्या वर्कशॉपमध्ये आणून उभ्या करायचे. आम्ही पंपाचे शाफ्ट, बुश, मोठ्या व्हॉल्वचे दांडे असली कामं करायचो, आणि मामांच्या हातून गेलेलं काम परत आलं असं मी कधी पाहिलं नाही.

आमच्या लाइनीत एक रीत होती. इथल्या कुणाला ती ठाऊक नव्हती, ती आम्ही कोल्हापुराहून आणलेली. काम पुरं झालं की टर्नरनं त्यावर आपला पंच मारायचा, न दिसणाऱ्या जागी, एक हलका घाव घालून. हा पंच म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा, त्याच्या टोकावर खूण कोरलेली. मामांची खूण होती बेलाचं पान, म्हणजे तीन ठिपके, मधला जरा वर. शिकाऊ माणसाला स्वतःची खूण नसते. तो उस्तादाचीच खूण मारतो, म्हणजे चुकला तर नाव उस्तादाचं जातं, म्हणून उस्ताद डोळ्यांत तेल घालून बघतो. मग एक दिवस खात्री पटल्यावर उस्ताद कोरा पंच हातात देतो आणि म्हणतो, घे, तुझी तू खूण कोर. झालं, त्या दिवसापासून तुम्ही कारागीर.

मला मामांनी बेलपानाचाच दुसरा पंच करून दिलेला होता. वीस वर्षं झाली, चाळिशी उलटली, केस गेले, तरी मी आपला त्यांचंच बेलपान मारतोय. कधी विषय काढला की म्हणायचे, "हात चांगला हाय तुजा. पर चूक दिसली की तू डोळं झाकतोस. ती खोड जाऊ दे, मग बघू." असा संताप यायचा! सगळं वर्कशॉप मला टर्नर म्हणतंय, मुदीर अवघड कामं माझ्याकडं देतोय, आणि हा म्हातारा मला अजून कच्चा समजतोय. रात्रंदिवस एका खोलीत राहायचो, एका कुकरातला भात खायचो, आणि मी मनात हे पाळत बसलो होतो.

त्यात फॅमिलीचं सुरू झालं. मुलगी पाच वर्षांची झाली होती आणि मला ओळखत नव्हती. सुट्टीत घरी गेलो की दोन दिवस आईच्या पदराआडून बघायची, तिसऱ्या दिवशी जवळ यायची, आणि जरा लळा लागला की माझी परतीची बॅग भरलेली असायची. बायको फोनवर म्हणाली, "ती शाळेत सांगते, माझे बाबा मोबाइलमध्ये असतात." हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. पण आयडीवर माझा हुद्दा होता टर्नर, आणि टर्नरला फॅमिली व्हिसा मिळत नाही. कंपनीनं सुपरवायझर करून तसं पत्र दिलं तरच. मी अर्ज दिला. वर्ष गेलं. ऑफिसचे कागद बघायचा तो मोठ्या मुदीरचा पुतण्या, धाकटा मुदीर. दर वेळी विचारलं की हसून म्हणायचा, "इन्शाल्ला."

हाच धाकटा मुदीर एका सकाळी हिवाळ्याच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये आला तो चादरीत गुंडाळलेली एक बंदूक घेऊन. जुनी, एकनळी. एक गोळी भरायची, उडवायची, परत भरायची, अशी. त्याच्या आजोबांची. अल गराफाच्या घरात मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर टांगलेली असायची. नळी आतून गंजानं खाल्लेली, एका जागी चेपलेली. करणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळं तसली नळी कुठं मिळत नाही, आणि याला तर हिवाळ्यात वाळवंटातल्या कॅम्पवर मित्रांसमोर आजोबांच्याच बंदुकीनं बार काढायचा होता. "लायसन है," तो म्हणाला. "सिर्फ ये पाइप नया बनाओ, मामा. माफी मुश्किल, कुछ मुश्किल नहीं."

मामांनी नळी हातात घेतली, उजेडाकडं धरून आत पाहिलं आणि परत दिली. "नहीं होता साब. ये हमारा काम नहीं." त्यानं फार आग्रह केला नाही. खांदे उडवून गेला. तो गेल्यावर मामा माझ्याकडं वळले. "आमच्या गावात एकानं केलती असली नळी. ह्याच हौसंनं. डोळा गेला त्येचा. आरं, आपला शाफ्ट बिघडला तर पानी यायचं थांबतंय. ह्ये बिघडलं तर मानूस जातंय. आनि लायसन बंदुकीचं आसंल, नळी करायचं तुजं-माजं हाय का लायसन?" मी "होय मामा" म्हणालो.

दोन दिवसांनी धाकट्या मुदीरनं मला केबिनमध्ये बोलावलं. करक चहा मागवला. टेबलावर माझी फाइल होती, वर कंपनीचं कोरं लेटरहेड. शेजारी त्यानं मोबाइल ठेवला, त्यात बंदुकीचा फोटो. 'हे केलंस तर ते करतो' असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. फाइलवर बोट ठेवलं, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दोनों काम हो जाएगा, इन्शाल्ला." मामांना सांगू नकोस हेही त्यानं सांगितलं नाही. ते मी माझ्या मनानंच ठरवलं. खरं सांगायचं तर मी नुसता मुलीसाठी हो म्हणालो नाही. मामांनी जे होत नाही म्हणून सांगितलं ते मी करून दाखवणार, हीही खाज होतीच. बायकोला मी हे कधी सांगितलेलं नाही.

शुक्रवारी वर्कशॉप बंद असायचं. मामा सकाळी अंघोळ करून अल नस्रला जायचे, तिथं त्यांचा ठरलेला न्हावी होता, मग गावाकडची दोन-चार माणसं भेटायची, जेवायलाच परत. त्या वेळात, तीन शुक्रवार, मी किल्ली घेऊन एकटा वर्कशॉपमध्ये होतो. नळी कशी केली ते मी लिहिणार नाही. एक तर ते लिहायची गोष्ट नाही, आणि दुसरं म्हणजे मला ते येतच नव्हतं. कुठलं पोलाद असल्या कामाला लागतं ते ठाऊक नाही, बार उडताना आत काय होतं ते ठाऊक नाही. होता तो फक्त हात, आणि वीस वर्षांचा माज. बाहेरून अशी झळकली होती की तिच्यात तोंड बघावं. शेवटच्या शुक्रवारी उजेडाकडं धरून आत पाहिलं तर मध्यावर एक बारीक कडी दिसली, आतून गोल फिरलेला चरा, हत्यार थरथरल्याची खूण. मला दिसली. अगदी स्पष्ट दिसली. मी नळी फिरवली, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, आणि त्या बाजूनं ती जरा कमी दिसली. चालतंय, म्हणालो.

मग मी पंच मारला.

का मारला? आजतागायत स्वतःला विचारतोय. चोरून केलेलं काम, कुणाला कळू द्यायचं नाही असं काम, आणि त्यावर मी खूण मारतोय! पण हाताला ती सवय लागलेली. काम पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, पंच ठेवायचा, टक. जेवण झाल्यावर हात धुवावेत तसं. हातोडी खाली ठेवल्यावर बघतो तर बंदुकीच्या लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी तीन ठिपके, मधला जरा वर. घासून काढता आले असते. पण तोवर धाकट्या मुदीरचा फोन आला की गाडी दारात उभी आहे, आणि मला वाटलं, लाकडाखाली कोण बघतंय.

पुढच्या आठवड्यात माझं पत्र झालं. सही झाली, शिक्का तेवढा मोठ्या मुदीरकडून राहिला. बायकोला फोन केला तर ती रडली आणि मुलीनं विचारलं, "बाबा, तिकडं झोपाळा आहे का?"

त्याच आठवड्याच्या शेवटी कॅम्पवर नळी फुटली. दुसऱ्याच बाराला. धाकट्या मुदीरची डाव्या हाताची दोन बोटं गेली. जीव वाचला एवढंच. इस्पितळात तो नुसतं "वर्कशॉपमध्ये केली" एवढंच बोलला, आणि मग त्याला उपचारासाठी परदेशी नेलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. माझी दया आली म्हणून नव्हे, माझं नाव घेतलं असतं तर पत्राचंही नाव निघालं असतं.

रविवारी सकाळी मोठा मुदीर आला. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, त्या दिवशीही चढवला नाही. टॉवेलात गुंडाळलेली नळी त्यानं मामांच्या लेथशेजारच्या टेबलावर ठेवली आणि उघडली. मध्यावर केळ्याच्या सालीसारखी उलगडलेली. जिथं कडी होती, तिथंच. सगळी मशीन बंद झाली. मुदीरनं नळीचं मागचं टोक फिरवलं आणि खुणेवर बोट ठेवलं. "ये किसका निशान?"

दोघं एकच खूण मारतात हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या लेखी बेलपान म्हणजे मामा. वर्कशॉपमध्ये मात्र चार-पाच जणांना ठाऊक होतं. मल्याळी वेल्डर माझ्याकडं बघत होता. मी खाली बघत होतो.

मामांनी चष्मा लावला. आधी खूण पाहिली. मग नळी उचलून दाराच्या उजेडाकडं धरली आणि एक डोळा मिटून आत पाहत राहिले. किती वेळ पाहत होते कोण जाणे, मला तर संपेनाच. टर्नर दुसऱ्याच्या कामात काय बघतो ते मला माहीत आहे. हात कळतो. कुठं घाई झाली, कुठं दाब वाढला, कुठं डोळे झाकले, सगळं कळतं. वीस वर्षं त्यांनी माझा हात वाचला होता. त्यांनी नळी खाली ठेवली, माझ्याकडं एकदा पाहिलं, चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "मेरा."

"तुम?" मुदीरला खरं वाटेना. "मामा, तुम बनाया?"

"हां. मेरा निशान है."

मुदीरनं टॉवेल परत नळीवर ओढला. मग म्हणाला, "खलास." बाहेर काही होऊ नये, घरातली गोष्ट घरात मिटावी, असंच त्यालाही हवं होतं. मामांचा व्हिसा रद्द, तीन दिवसांत तिकीट, परत यायचं नाही.

तीन दिवस. त्या तीन दिवसांत मला तोंड उघडायला कुणी मना केलं नव्हतं. मुदीरची केबिन वीस पावलांवर होती. पण त्याच केबिनच्या टेबलावर माझं पत्र शिक्क्यासाठी पडलेलं होतं. सोमवारी सकाळी मी दारापर्यंत गेलो. खरंच गेलो होतो. आतून मुदीरनं मान वर करून विचारलं, "क्या है?" आणि मी म्हणालो, "कुछ नहीं साब, वो कटिंग ऑइल खतम हुआ." थू! दुसऱ्या दिवशी पत्रावर शिक्का बसला. वर्कशॉपला सुपरवायझर हवाच होता, मामा चालले होते ना.

खोलीत मामा बॅग भरत होते. मी म्हणालो, "मामा, मी..." त्यांनी हातानंच थांबवलं. "पोरगी येतीया न्हवं? मग गप." एवढंच. शिव्या घालतील, एक कानाखाली वाजवतील, असं वाटलं होतं. वाजवली असती तर बरं झालं असतं. विमानतळावर मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाले, "र्‍हाऊ दे, मी घेतो." आणि दारातून आत जाताना मागं वळून, "तीन नंबरच्या लेथचं बेरिंग आवाज करतंय. बघ."

बायको आणि मुलगी आल्या. अल हिलालला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. खाली मुलांना खेळायला जागा आहे, तिथं झोपाळाही आहे. मुलगी आता चौदाची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. परवा तिच्या सायकलच्या पेडलचा दांडा तुटला, मी म्हणालो, उद्या करून आणतो, तर म्हणते, "इट्स ओके बाबा, ऑनलाइन मिळतो." चांगली पोर आहे. ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत असते आणि मी तिच्याकडं बघताना मधे मामा उभे राहतात. त्यात तिचा काय दोष?

मामांना मी सात वर्षं तोंड दाखवलं नाही. फोन केले, त्यांच्या सुनेनं उचलले, मामा शेतात गेलेत म्हणाली. मागच्या सुट्टीत मात्र गेलो. खजूर घेतले, ब्लँकेट घेतलं, अत्तराची बाटली घेतली, आणि पंच खिशात घातला. बेलपानाचा, त्यांनी मला करून दिलेला. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कोल्हापुरात उतरल्यावर उद्यमनगरात जुन्या ओळखीच्या दुकानात पत्ता विचारला. मालक म्हणाला, "ते होय? नळी फुटली त्यांचीच ना तिकडं? कतारनं हाकलून दिलं म्हणे. हातातली सफाई गेली म्हाताऱ्याच्या, दुसरं काय." मी पत्ता घेतला आणि निघालो.

मामा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. छोटा ग्राइंडर, समोर खुरप्यांचा आणि विळ्यांचा ढीग. गावातल्या बायांची हत्यारं धार लावायला येतात. ज्या माणसानं केसाएवढा फरक हातानं ओळखला तो माणूस विळ्यांना धार लावत बसला होता. मला बघून म्हणाले, "आलास? बस. चा घे." पोरीची चौकशी केली. कितवीला हाय, हुशार हाय का. मग मला वाचा फुटली. सगळं बोललो. फाइल, फोटो, तीन शुक्रवार, ती कडी, केबिनचं दार. मामांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"कडी दिसलीती तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिसली होती, मामा."

"मला वाटलंच." त्यांनी विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "गुन्हा माज्या नावावर घेतला त्येचं मला काय न्हाई बघ. तुज्या पोरीसाठनं घेतला, पुन्यांदा घीन. पर त्ये काम माजं म्हनावं लागलं. तसलं काम. त्येवडं मला पचलं न्हाई."

मी खिशातून पंच काढून त्यांच्यापुढं धरला. माफी मागायला आणला होता, की माफ करतील आणि तो माझ्याचकडं राहील अशा आशेनं, देव जाणे. मामांनी तो घेतला, टोक उजेडाकडं धरून पाहिलं. मग ग्राइंडर चालू केला आणि टोक दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या. दहा मोजेपर्यंत बेलपान गेलं. त्यांनी अंगठ्यानं टोक चाचपलं, एकदा परत लावलं, पाण्यात बुडवून गार केलं, फडक्यानं पुसलं, आणि माझ्या हातात दिलं.

"हं," म्हणाले. "घे. आता कोर तुजी तू खून."

वीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते वाक्य असं मिळालं. तो पंच आता कपाटाच्या खालच्या खणात आहे, तिघांच्या पासपोर्टांच्या फाइलखाली. अजून त्यावर काही कोरलेलं नाही.